प्रेत सापडलं का?

अख्खी कादंबरी एकदम हातात पडली की माणूस ती मुकाट्याने वाचतो. नायिका विहिरीकडे निघाली तर उसासा टाकतो, पान उलटतो, ती वाचली की गेली हे पाहतो आणि दिवा मालवून झोपतो. तीच कादंबरी महिन्याला आठ-दहा पानं अशी मिळाली की त्याच माणसाचा स्वभाव पालटतो. नायिका विहिरीपाशी पोचते आणि तिथेच अंक संपतो. मग पुढचा महिनाभर तो ऑफिसात, बसमध्ये, मंडईत भाजीच्या पिशव्या सावरत तिची काळजी वाहतो. महिना संपेपर्यंत त्याच्या मनात नायिकेविषयी ममता, तिच्या सासूविषयी वैर आणि लेखकाविषयी संशय असे तिन्ही भाव पक्के झालेले असतात. तोवर तो वाचक उरलेला नसतो, नातेवाईक झालेला असतो. आणि नातेवाइकाचे सगळे हक्क त्याला आपोआप मिळतात: न विचारता सल्ला द्यायचा, मनासारखं झालं नाही की रुसायचं, ‘पुन्हा या घराची पायरी चढणार नाही’ असं बजावायचं आणि पुढच्या कार्याला सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या पंगतीत बसायचं.

आमच्या वाड्यात मासिक एक आणि वाचणारी घरं पाच होती. वाचनालयाचा माणूस सायकलवरून अंक टाकून जायचा, आणि तो कुणी आधी वाचायचा याचे नियम कडक होते. पहिला मान आत्याचा, कारण वर्गणीतला मोठा वाटा तिचा. आत्या वाचून झाल्यावर एक अक्षर फोडायची नाही. ‘वाचा, वाचा’ एवढंच म्हणून पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून जायची. त्यावरून कुणीतरी गेलं एवढं कळायचं. कोण गेलं, यावर दुपारचा चहा होईपर्यंत वाडाभर तर्क चालायचे. समोरच्या काकू मात्र या बाबतीत निर्दय होत्या. कपडे वाळत घालताना त्या सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ‘मी म्हटलंच होतं, तो डॉक्टर काही सरळ नाही’ असं जाहीर करायच्या. ज्यांच्या हातात अंक यायचा होता त्यांचा महिना तिथेच बुडायचा.

वरच्या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेले एक काका राहत. ते कथा वाचत नसत, तपासत. ‘गेल्या अंकात हिने पत्र टाकलंय सोमवारी रात्री, साताऱ्याला. या अंकात तो ते मंगळवारी सकाळी वाचतोय, नागपुरात. कुठल्या डाकेने गेलं? सांगा मला, कुठल्या डाकेने?’ आम्हाला काय सांगता येणार? आम्हाला त्या पत्रात काय होतं ते हवं होतं. काकांनी या विषयावर संपादकांना कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. ‘कार्ड पोचलंय,’ काका म्हणाले, ‘म्हणून तर गप्प आहेत.’

भाकितं तर प्रत्येकाचीच तयार असायची, आणि त्यांतून लेखकाला सुटका नसायची. भाकीत खरं ठरलं तर ‘यात नवीन काय? मी चौथ्या भागातच ओळखलं होतं.’ खोटं ठरलं तर ‘असं कधी होतं का? आधी काही सांगायचं नाही आणि शेवटी कुठूनतरी जुळा भाऊ आणून उभा करायचा!’ मला तर असं वाटतं की लेखकाने प्रत्येक घराला सोयीचा असा वेगवेगळा अंक छापून दिला असता, तरी काकूंनी आत्याचा अंक मागून नेला असता आणि तोच बरा होता म्हणून सांगितलं असतं.

माझ्या आजीने ‘पण लक्षात कोण घेतो!’ वाचली ती फार उशिरा, पिवळ्या पडलेल्या पुस्तकातून. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून यमूची ही कहाणी तुकड्यातुकड्याने लोकांपुढे ठेवली. पुस्तक निघालं ते १८९३ मध्ये. आजीला तेही तुकड्यांनीच वाचावं लागायचं, कारण डोळे दुखायचे. यमूला शिकवणारा, तिला माणूस म्हणून वागवणारा नवरा रघुनाथराव मरतो आणि पुढे यमूचं केशवपन होतं. त्या सगळ्या छळामागे शंकरमामंजी. आजीच्या लेखी हे शंकरमामंजी सदाशिव पेठेत कुठेतरी बिऱ्हाड करून राहत होते आणि अजून तिच्या तडाख्यात सापडले नव्हते, एवढंच. पानावर त्यांचं नाव आलं की ती ‘आला मेला’ म्हणून चष्मा काढायची, पदराने पुसायची आणि पुन्हा चढवून लढाईला बसायची. ‘हरिभाऊंनी रघुनाथरावांना न्यायला नको होतं’ हे ती अशा सुरात म्हणायची, की वेळेवर कुणी निरोप धाडला असता तर तिने काढा उकळून पाठवला असता.

आजीचा हा गोतावळा जगभर पसरलेला आहे, आणि जुना आहे. चार्ल्स डिकन्स १८४०-४१ मध्ये ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ दर आठवड्याला छापत होता. त्यातली नेल नावाची पोर खंगू लागल्याचा वास वाचकांना लागला आणि डिकन्सच्या घरी विनवण्यांच्या पत्रांचा पाऊस पडला: तिला मारू नका. डिकन्सने पत्रं वाचली, हळहळला, आणि तिला मारली. अमेरिकेत हे अंक जहाजाने जायचे. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जमलेल्या गर्दीने येणाऱ्या जहाजाकडे पाहून ‘नेल आहे का हो?’ असं ओरडून विचारलं, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, मला त्या जहाजावरच्या उतारूंची दया येते. अटलांटिक ओलांडताना पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करून, अखेर जमीन दिसली म्हणून कठड्याशी यावं, तर धक्क्यावरचे लोक आपल्या तब्येतीचं सोडून भलत्याच पोरीच्या तब्येतीची चौकशी करतायत. आमच्या समोरच्या काकू त्या जहाजावर असत्या तर न्यूयॉर्क दिसायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं असतं.

पण या डिकन्सला एका बाईने वाकवलं, ते प्रकरण मला नेलच्या मरणाहून जास्त आवडतं. १८४९ च्या डिसेंबरात ‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या मासिक हप्त्यात मिस माउचर नावाची एक अतिशय ठेंगणी बाई अवतरली. बड्या लोकांचे केस आणि नखं नीट करून देणारी, तोंडाचा पट्टा सतत चालू असणारी, आणि एका देखण्या बदमाशाच्या पुढच्या भानगडीत हिचा हात असणार, अशी लक्षणं दिसणारी. अंक बाहेर पडला आणि डिकन्सच्या शेजारपाजारच्याच एका बाईंचं पत्र आलं. जेन सीमोर हिल त्यांचं नाव. उंची तेवढीच, धंदाही हातापायांच्या निगेचाच. माझ्या शरीरावरून आणि माझ्या पोटापाण्याच्या धंद्यावरून तुम्ही मला जगापुढे बदनाम केलंत, असा त्या पत्राचा अर्थ होता, आणि वकीलही मागे उभा होता. डिकन्स वरमला. काही लकबी त्यांच्यावरून उचलल्याचं त्याने कबूल केलं आणि पात्र सुधारून देतो म्हणून शब्द दिला. कादंबरी पूर्ण छापून झाली असती तर हा शब्द देता आला नसता. इथे अजून वर्षभराचे हप्ते बाकी होते. मार्चच्या हप्त्यात मिस माउचर परत येते ती भलीमोठी छत्री घेऊन, आणि येते तीच कनवाळू, सरळमार्गी, स्वतःच फसवली गेलेली अशी. शेवटाकडे तर ती एका पाताळयंत्री नोकराला पकडून देते. आज ही कादंबरी सलग वाचणाऱ्याला कोडं पडतं, की मधल्या काळात या बाईला झालं तरी काय? झालं होतं ते इतकंच, की बाईंनी पत्र लिहिलं होतं.

सीमोर हिलबाईंची तक्रार रास्त होती. आमच्याकडे हे प्रकरण बहुधा उलट्या अंगाने चालतं. लेखक गावाचं नाव बदलतो, नदी या बाजूची त्या बाजूला नेतो, पाटलाला मिशा काढायला लावतो, तरी गावकरी सगळं ओळखतात आणि भांडायला येतात. का? तर शेजाऱ्याला गोष्टीत घेतलं आणि आम्हाला वगळलं म्हणून.

वाचकाची मागणी लेखकाने ताबडतोब पुरी केली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे, आणि ते अँथनी ट्रॉलपचं आहे. हा इंग्रज कादंबरीकार आयुष्यातली बरीच वर्षं पोस्टखात्यात नोकरी करत होता आणि रस्त्याकडेला उभी असते ती खांबासारखी टपालपेटी ब्रिटिशांनी वापरावी ही सूचना त्याची. (एवढं ऐकल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकांनी त्याला एकही ओळ न वाचता जगातला सर्वश्रेष्ठ कादंबरीकार ठरवलं.) ट्रॉलपने बार्सेटशायर नावाचा एक काल्पनिक परगणा उभा केला होता आणि तिथली माणसं एका कादंबरीतून दुसरीत येत-जात असत. त्यांत सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली मिसेस प्राउडी. नवरा बिशप, म्हणजे मोठा धर्माधिकारी. पण अधिकार सगळा हिच्याकडे. कुणाला नेमायचं, कुणाला झापायचं, रविवारी कुणी काय करायचं नाही हे ती ठरवणार आणि बिशपसाहेब माना डोलावणार. मराठी वाचकाला तिची निराळी ओळख करून द्यायला नको. प्रत्येक लग्नघरात आहेराच्या वहीपाशी ती बसलेली असते.

तर ट्रॉलप एकदा लंडनच्या अथेनियम क्लबात लिहीत बसला होता. शेकोटीच्या दोन बाजूंना दोन पाद्री, दोघांच्याही हातात मासिकं, आणि दोघेही ट्रॉलपलाच सोलून काढत होते. लेखक शेजारीच बसलाय याचा त्यांना पत्ता नाही. तीच ती माणसं सारखी सारखी आणतो म्हणाले. त्यात ती मिसेस प्राउडी तर नकोच झाली म्हणाले. ट्रॉलपने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग उठला, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, तो गुन्हेगार मीच म्हणून सांगितलं, आणि आता घरी जातो नि आठवड्याच्या आत मिसेस प्राउडीला मारून टाकतो, असं आश्वासन दिलं. पाद्र्यांची तारांबळ उडाली. अहो, आम्ही आपलं सहज बोललो, मनावर घेऊ नका, अशा विनवण्या सुरू झाल्या. ट्रॉलप शब्दाचा पक्का. १८६६-६७ मध्ये हप्त्याहप्त्याने निघालेल्या ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’मध्ये मिसेस प्राउडी मेली. मेली तीही उभ्या उभ्या, पलंगाचा खांब धरून. मरणासाठीसुद्धा बाई आडवी झाली नाही. पुढे आत्मचरित्रात ट्रॉलपने लिहून ठेवलं, की आपल्याला या कृत्याचा अधूनमधून पश्चात्ताप होतो.

त्या दोन पाद्र्यांचं पुढे काय झालं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझी खात्री आहे की त्यांनी पुढचा अंक उघडला, मिसेस प्राउडी नाही हे पाहिलं, आणि शेकोटीपाशी बसून एकमेकांना म्हणाले, हल्ली त्याच्या लिखाणात पहिल्यासारखी मजा नाही. अहो, ज्या बाईला दर महिन्याला शिव्या घालायच्या तिलाच उचललं, तर माणसाने अंक उघडायचा कशासाठी? आमच्या आत्याने एका खाष्ट नणंदेच्या पात्राला सतत दोन वर्षं तळतळाट दिले. पुढे लेखकाला उपरती झाली आणि त्याने त्या नणंदेला सुधारलं. आत्या हताश होऊन म्हणाली, ‘बिघडवली हो चांगली कथा.’

दुसरी मागणी लग्नाची. ही तर सनातन. लुइसा मे अल्कॉटने ‘लिटल विमेन’चा पहिला भाग १८६८ साली काढला आणि तो वाचून मुलींची पत्रं यायला लागली. चार बहिणींचं शिक्षण, त्यांची गरिबी, त्यांतल्या ज्योची लिहिण्याची धडपड यांपैकी कशाचीही चौकशी नाही. प्रश्न एकच: यांची लग्नं कुणाशी होणार? आणि ज्योने शेजारच्या लॉरीशीच करावं, हे परस्पर ठरवूनही झालेलं. स्वतः अविवाहित असलेल्या अल्कॉटबाई चिडल्या. त्यांनी ज्योचं लॉरीशी लग्न लावायचं नाही असा हट्टच धरला आणि दुसऱ्या भागात तिची गाठ एका पोक्त, दाढीवाल्या जर्मन प्रोफेसराशी बांधली. दीडशे वर्षं उलटली, तरी मुलीकडची मंडळी अजून त्या प्रोफेसराला जावई मानत नाहीत.

आता मुख्य प्रकरण. आर्थर कॉनन डॉईलला शेरलॉक होम्सचा कंटाळा आला होता. त्याला ऐतिहासिक कादंबऱ्या लिहून मोठं व्हायचं होतं, आणि लोक मात्र दर महिन्याला ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच मागत होते. १८९१ मध्येच त्याने होम्सला संपवायचा विचार आईला लिहून कळवला. मातोश्रींनी साफ नकार दिला. (याला म्हणतात वाचक. लेखकाला जन्म दिला असल्यामुळे त्यांचा हक्क दुहेरी.) दोन वर्षं त्याने आईचं ऐकलं. मग १८९३ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये रायखेनबाखचा धबधबा पाहिला, आणि इतका सुंदर धबधबा पाहून त्याच्या मनात आलं ते हेच, की होम्सला ढकलायला जागा छान आहे. त्या डिसेंबरच्या अंकात होम्स आणि त्याचा वैरी प्रोफेसर मोरियार्टी झटापट करत दरीत गेले. वाचक पेटले. लंडनच्या लोकांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या ही हकीकत तेव्हाच्या कागदपत्रांत सापडत नाही, पण ‘स्ट्रँड’चे वीस हजारांवर वर्गणीदार तुटले असं सांगतात. एका बाईंनी तर डॉईलला पत्राच्या सुरुवातीलाच पशू म्हणून संबोधलं. इंग्रजी शिष्टाचारात मायना वगळणं म्हणजे काय संताप असेल पाहा.

ही गोष्ट मी वाड्यात सांगितली तेव्हा सगळे हळहळले. फक्त पोस्टातले काका हलले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘प्रेत सापडलं का?’

म्हटलं, नाही. डॉक्टर वॉटसनला कड्यावर होम्सची काठी मिळाली, सिगारेटच्या डबीखाली ठेवलेली चिठ्ठी मिळाली, आणि दरीच्या टोकापर्यंत गेलेली पावलं दिसली.

‘म्हणजे प्रेत नाही. पंचनामा नाही. डेथ सर्टिफिकेट नाही,’ काका म्हणाले. ‘अशा माणसाचं आमच्याकडे पेन्शनसुद्धा बंद होत नाही. येईल परत.’

आला. आधी १९०१ मध्ये ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ हप्त्यांनी सुरू झाली, पण ती होम्सच्या मरणापूर्वीची म्हणून. म्हणजे वाचकाला प्रसाद मिळाला, देव नाही. मग १९०३ मध्ये डॉईल शरण आला. होम्स दरीत पडलाच नव्हता. जपानी कुस्तीचा एक डाव टाकून त्याने मोरियार्टीला एकट्यालाच खाली धाडलं, स्वतः कडा चढून निसटला आणि मधल्या काळात तिबेटात जाऊन लामांना भेटून आला. तो समोर प्रकटतो तेव्हा वॉटसन बेशुद्ध पडतो. वाचक पडले नाहीत. त्यांना माहीतच होतं. उलट सगळं मनासारखं झाल्यावर त्यांनी खोट काढली. कॉर्नवॉलमधल्या एका नावाड्याने खुद्द डॉईलला ऐकवलं, की होम्स त्या पडण्यात मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा काही राहिला नाही. दहा वर्षं शिव्या खाऊन, आईपासून वर्गणीदारांपर्यंत सगळ्यांपुढे मान तुकवून, मेलेला माणूस जिवंत करून दाखवल्यावर लेखकाच्या पदरी काय पडावं, तर हे.

प्रेत नाही तोवर मरण नाही, हा काकांचा नियम आज आमच्या आत्याने पाठ केला आहे. मासिकं बंद पडली, वाचनालयाची सायकल गेली आणि आत्या टीव्हीवरच्या मालिकांकडे वळली. वाचक बदलला नाही, अंक तेवढा रोज निघायला लागला. मालिकेत कुणाची गाडी घाटातून खाली गेली की बाकीचं घर डोळे पुसतं आणि आत्या शेंगा सोलत राहते. ‘पेटली का गाडी? पेटली तरी आतला माणूस दाखवला का? हात दाखवला, घड्याळ दाखवलं. घड्याळ काय, दुसऱ्यालाही देता येतं.’ ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’मधला मिहिर गेला तेव्हा देशभर आरडाओरडा झाला होता, आत्या तेव्हाही शांत होती. मिहिर परत आला. पुढे तर चेहराही बदलून आला, पण आत्याने त्याला आधीच्याच मायेने घरात घेतलं. नट बदलतात, नाती बदलत नाहीत. मालिका लांबली म्हणूनही तिची तक्रार नसते. ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर भाग झाले, नावात कबूल केलेले दिवस चारच होते; आत्याचं म्हणणं, सासूचे दिवस असेच मोजायचे असतात.

आणि पुढे काय होणार हे ठाऊक असलं म्हणून लोक स्वस्थ बसतात असंही नाही. रामानंद सागरांचं ‘रामायण’ १९८८ साली रामाच्या राज्याभिषेकावर आटोपलं, तेव्हा पुढची लव-कुशांची कथाही दाखवा म्हणून जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना आपलं मानणाऱ्या त्या लोकांना कवीच्या आश्रमाचा भाग वगळलेला चालणार नव्हता. शहरात कचरा साठला आणि सरकारला नमावं लागलं. ‘उत्तर रामायण’ दाखवण्यात आलं. पुढचा भाग मिळवण्यासाठी माणसांनी पत्रं लिहिली आहेत, वर्गण्या तोडल्या आहेत. पण इतका परिणामकारक उपाय मला तरी दुसरा माहीत नाही.

अमेरिकेत त्याच वर्षी एका कॉमिक्सच्या कंपनीने हा सगळा वाद लोकशाहीवर सोपवून पाहिला. बॅटमॅनचा जोडीदार रॉबिन (त्यातला दुसरा, जेसन टॉड नावाचा) जोकरने लावलेल्या स्फोटात सापडतो, आणि अंक संपतो. मागे दोन टेलिफोन नंबर: एक तो जगावा म्हणून, एक मरावा म्हणून. प्रत्येक फोनला पन्नास सेंट. ५,३४३ लोकांनी पदरचे पैसे खर्चून पोराला मारा म्हणून सांगितलं, ५,२७१ जणांनी वाचवा म्हणून. पोरगं बहात्तर मतांनी गेलं. आमच्याकडे एवढ्या फरकाने नगरसेवक पडला तर फेरमोजणी मागतात, बोगस मतदानाचा आरोप होतो, निदान रस्ता तरी अडवतात. तिथे फेरमोजणी झाली नाही, पण सतरा वर्षांनी, २००५ मध्ये, कंपनीने जेसन टॉडला जिवंत करून परत आणलं. वास्तविक या वेळी बॅटमॅनने स्वतःच्या हातांनी प्रेत उचललेलं होतं. काकांना हे सांगायचा मला धीर झाला नाही. त्यांच्या नियमाला गेलेला हा एकमेव तडा.

जपान्यांनी मात्र मेलेल्याला मेलेला मानलं आणि रीतसर मानलं. ‘आशिता नो जो’ ही मुष्टियोद्ध्यांची चित्रमालिका तिथल्या एका साप्ताहिकात चालू होती. नायक जो, त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. गंमत अशी की चित्रकाराने सुरुवातीला रिकिइशीला जोपेक्षा चांगलाच थोराड काढून ठेवला होता. पुढे दोघांना एकाच वजनगटात लढवायची वेळ आली, तेव्हा कथेत त्या बिचाऱ्याला उपाशी-तापाशी ठेवून वाळवावं लागलं, आणि त्या लढतीनंतर तो गेला. १९७० च्या मार्चमध्ये प्रकाशकाच्या इमारतीत त्याचे अंत्यसंस्कार झाले. कवी आणि नाटककार तेरायामा शुजी यांच्या पुढाकाराने बॉक्सिंगचं रिंगण उभारलं, बौद्ध भिक्षूने मंत्र म्हटले आणि सातशेच्या आसपास माणसं दुखवट्याला आली. कागदावरच्या माणसाला. मला यात हसू येत नाही. इतक्या मयतांना मी गेलो आहे, की गेलेल्याची गेल्या आठवड्यापर्यंतची खबर ठेवणारे सातशे लोक म्हणजे काय, हे मला कळतं.

राहता राहिली लंडनच्या बेकर स्ट्रीटवरच्या २२१-ब या पत्त्याची गोष्ट. होम्सच्या काळात त्या रस्त्यावर एवढ्या वरच्या क्रमांकाचं घरच नव्हतं. पुढे क्रमांक बदलले, आणि १९३२ मध्ये घरकर्ज देणाऱ्या एका संस्थेने (पुढे तिचंच नाव ॲबी नॅशनल झालं) तिथे मोठी इमारत बांधली, तिच्या पोटात २२१ हा आकडा आला. झालं, होम्सच्या नावाने पत्रं यायला लागली. कुणाचं मांजर हरवलेलं, कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या, कुणाला खून उलगडून हवा. पत्रं इतकी, की संस्थेने त्यांना उत्तरं देण्यासाठी खास सेक्रेटरी नेमला. वर्षानुवर्षं कर्जाच्या अर्जांशेजारी बसून या जागेवरची माणसं जगभरच्या लोकांना नम्रपणे कळवत राहिली, की होम्ससाहेब आता निवृत्त झाले असून ससेक्समध्ये मधमाशा पाळतात.

मी हे काकांना सांगितलं, आणि त्यातली मौज त्यांना कळावी म्हणून जरा रंगवूनच सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

‘पत्रं परत आली का?’

म्हटलं, ‘नाही.’

‘“पत्त्यावर इसम राहत नाही” असा शेरा?’

‘नाही.’

‘पोस्टमनने पत्र घेतलं, पत्त्यावर दिलं, तिथून उत्तर आलं, आणि साहेब निवृत्त होऊन गावी गेल्याचं कळवलं.’ काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘मग यात काल्पनिक काय आहे?’